कानबाईचा रोट आणि माझं वजन

लढाईच्या दिवसांत माणसानं जाड होऊ नये. व्हायचंच असेल तर निदान पुरवठा कचेरीत नोकरी करत असताना होऊ नये. मी दोन्ही केलं. धुळ्यात त्या साली साखर कार्डावर, रॉकेल कार्डावर, आणि गहू मिळाला की लोक घरोघर जाऊन सांगत. अशा वेळी त्या कार्डांवर सही करणाऱ्या हेडक्लार्कच्या, म्हणजे माझ्या, कोटाची मधली गुंडी लागेनाशी झाली.

मी आधी कोटावर आळ घेतला. परटानं आटवला म्हटलं. मग निंबा शिंप्यावर घेतला, की यानं मापच चुकवलं. निंबा गरीब माणूस, तो टेप माझ्या कमरेभोवती फिरवून तिचं दुसरं टोक शोधत राहिला. ते सापडल्यावर त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती सांत्वनाला आलेल्या माणसाची होती. मी काय खात होतो म्हणाल तर जे सगळे खात होते तेच. ज्वारी, बाजरी, तुरीची डाळ. सरकारी गोदामातला दाणा मी घरी नेला नव्हता, हे मी कोणत्याही देवळात सांगायला तयार होतो. पण देवळात कोणी विचारत नव्हतं, आणि पाच कंदिलाच्या चौकात सगळे आपसात बोलत होते.

त्यात सर्वांत मोठा आवाज माझ्या चुलतभावाचा, शालिग्रामचा. तो माझ्या घरासमोरच राहतो. आमच्या बहिणीच्या लग्नात गडबडीत त्याला पहिल्या पंगतीला बसवायचं राहून गेलं आणि तो दुसऱ्या पंगतीला जेवला. जेवला म्हणजे पान पुढे घेतलं आणि उठला. तेव्हापासून दोन वर्षं आमचं बोलणं बंद. माझ्याबद्दल मात्र तो भरपूर बोलायचा. "सरकारी गहू अंगे लागना त्याले," असं तो पानाच्या दुकानावर म्हणाल्याचं मला तिघांनी वेगवेगळं येऊन सांगितलं, आणि तिघांनीही सांगताना माझ्या पोटाकडे पाहिलं.

तरीही हे सगळं निभावलं असतं. पण तेवढ्यात आमच्या कचेरीत नवे साहेब आले. साहेब कारवारकडचे, अंगानं काटकुळे, पोटाच्या विकारामुळे आयुष्यभर ताकभातावर राहिलेले. ताकभातावर राहणारा माणूस न्यायी असतो पण दयाळू नसतो. त्यांनी आल्या आल्या सगळ्यांना रांगेत उभं केलं, नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"पाटील," ते म्हणाले, "दुष्काळात कोठाराचा राखणदार जाड होत असेल तर मी काय समजावं?"

मी म्हटलं, "साहेब, आमच्या घराण्यात हाडंच जड."

"हाडं वाढत नाहीत," साहेब म्हणाले. "आणि आकडा खोटं बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कचेरीतल्या प्रत्येक नोकराचं गोदामातल्या काट्यावर वजन होईल. ज्याचं वाढेल त्यानं कारण द्यावं. कारण पटलं नाही तर साक्रीच्या गोदामावर बदली, आणि सेवापुस्तकात कायमचा शेरा. साक्रीला माझी ना नव्हती. डोंगरातलं गाव, हवा चांगली. पण शेरा? पुढे कोणी ते पुस्तक उघडलं की नाव, हुद्दा आणि खाली 'वजनवाढीचं कारण असमाधानकारक'. आमच्या सगळ्या शेतकरी खानदानात सरकारी खुर्चीवर बसलेला मी पहिला. वडील मरेपर्यंत लोकांना माझा पगार नाही, माझी खुर्ची सांगत. त्या खुर्चीवर चोराचा शिक्का बसला तर मी गावी तोंड दाखवणार नव्हतो.

गोदामातला काटा म्हणजे तुळईला टांगलेला भला मोठा तराजू. दोन बाजूंना साखळ्यांवर फळ्यांची पारडी. एकात पोतं, दुसऱ्यात लोखंडी वजनं. मापाडी उखर्डू. त्याच्या हातून जिल्ह्याचा दाणा गेलेला, पण माणूस त्यानं कधी मापला नव्हता. साहेबांनी मला आधी बसवलं. मी पारड्यात मांडी घातली, ते खाली टेकलं, आणि उखर्डूनं सवयीनं सूर लावला, "लाऽऽभ." मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. हे सगळ्या धुळ्याला माहीत आहे, पण त्या दिवशी सगळी कचेरी असं हसली की जणू प्रथमच ऐकत होती.

दोन मण आणि वर सहा शेर. साहेबांनी स्वतः आकडा लिहून घेतला.

पुढच्या महिन्यात दीड शेर वाढलं. मी कारण दिलं की पावसात भिजून आलो, कोट ओला होता. साहेबांनी कोट काढायला लावला. मग धोतर ओलं होतं म्हटलं. साहेबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि ते धोतरही काढायला लावतील या भीतीनं मी म्हणणं मागे घेतलं. ताकीद मिळाली की पुढच्या महिन्याच्या सोमवारी वाढ दिसली तर पटेल असं कारण आणा, नाहीतर साक्रीची गाडी पकडा.

त्या दिवसापासून मला वजनाचं वेड लागलं. आमचे शेजारी रतिलालशेठ कापसाचे व्यापारी. त्यांच्या वखारीत जमिनीवरचा काटा होता. कचेरीत जाताना मी त्यावर चढे, येताना चढे. आणि मग मला एक चमत्कारिक गोष्ट कळली, की माणूस दिवसभरात एकच माणूस नसतो. सकाळी मी एक, जेवल्यावर दुसरा, संध्याकाळी तिसराच. एकदा नुसतं पाणी प्यालो आणि अर्ध्या शेरानं वाढलो. एकदा काहीच न खाता वाढलो. त्या दिवशी मी इतका चिडलो की काट्याशीच भांडलो, आणि वखारीतल्या हमालांनी कामं थांबवून ते भांडण ऐकलं.

"झुलालभाऊ," रतिलालशेठ मला म्हणाले, "काट्यावर राग काढू नका. कापूसही दमट हवेत जड होतो, आम्ही काय त्याला रागावतो का? चातुर्मास लागलाय. उपास धरा."

मी उपास धरले. सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवार धरला. उपास म्हटल्यावर आमच्या घरात शेंगदाण्याची आमटी झाली, भगर झाली, साबुदाणा झाला, आणि तिकडे रावेरकडून कोणीतरी केळ्यांची फणी आणून दिली. एका आठवड्याच्या निष्ठेनं मी पाऊण शेर वर गेलो.

मग आमच्या गल्लीतले तोतारामनाना पुढे आले. नाना म्हातारे पैलवान, तालीम बंद पडली तरी यांच्या अंगातून ती गेली नव्हती. "उपासनी काय व्हस?" नाना म्हणाले. "घाम निंघना पाहिजे." त्यांनी मला पहाटे उठवून पांझरेच्या काठी नेलं आणि जोर काढायला लावले. पहिला जोर काढताना मी खाली गेलो तो वर आलोच नाही. नानांनी कंबर धरून उचललं. चार-पाच दिवसांनी मला जोर जमू लागले, घाम निघू लागला, आणि जोर काढल्यावर भूक अशी लागे की घरी येईपर्यंत धीर निघत नसे. वर नाना स्वतः भरलेला लोटा दूध पाजत. जोरकऱ्यानं दूध टाकलं तर त्यांच्या तालमीचा अपमान होत असे.

शेवटी मीच डोकं चालवलं. उपास सोडले, नाना सोडले. सकाळी अर्धी भाकरी, संध्याकाळी अर्धी, मध्ये ताक. साहेबांचाच मार्ग. दहा-बारा दिवस मी असे काढले की घरात भांडं वाजलं तरी मला रडू येई. पण रतिलालशेठच्या काट्यावर आकडा खाली आला. पहिल्या वजनापेक्षाही खाली. मी दोन दिवस गल्लीतून जरा छाती काढून चाललो, आणि साहेबांपुढे काय चेहरा करायचा याची आरशात तालीम केली. वजनाच्या सोमवारला आठवडाच उरला होता.

तेवढ्यात कानबाई आली.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे खानदेशात कानबाई देवी बसते. आम्ही थोरल्या घरचे, म्हणून सगळ्या भाऊबंदकीची कानबाई आमच्या घरी. आदल्या दिवशी माझी आई भिकुबाई गव्हाच्या कोठीपाशी बसली. शिंदखेड्याकडच्या आमच्या शेतातला, सरकारची सक्तीची धान्यलेव्ही भरून उरलेला तेवढाच तो गहू. वर्षभर त्याला कोणी हात लावत नसे, रोटासाठी राखलेला. आई घराण्यातल्या एकेका पुरुषाचं नाव घेई आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकी. त्याच गव्हाचा रोट, म्हणजे देवीचा नैवेद्य. तो रोट भाऊबंदांनीच खायचा. परक्याला नाही, शेजाऱ्याला नाही, परघरी दिलेल्या लेकीलाही नाही. आणि पौर्णिमेच्या आत शेवटचा कण संपला पाहिजे, ही आमच्या घरची रीत.

माझं नाव झालं. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात असलेल्या धाकट्या भावाचं झालं, त्याच्या मुलांची झाली. भुसावळला रेल्वेत असलेल्या चुलतभाऊ रुपचंदचं झालं, त्याच्या मुलांची झाली. शालिग्रामचं आणि त्याच्या पाचही पोरांचं झालं. दोन चुलते झाले, आणि त्यांतल्या एकाच्या, ब्रह्मदेशात लढाईवर गेलेल्या आणि नेमका कुठे आहे हे कोणाला ठाऊक नसलेल्या मुलाचंही झालं.

"आई," मी म्हटलं, "धाकट्याला रजा नाही. रुपचंदला लष्करी गाड्यांमुळे सोडत नाहीत. चुलते आजारी. शालिग्राम तर येणारच नाही. मुठी जरा कमी घे."

आईनं हात थांबवला. "माणूस गावले गया म्हनीसन तो घरना नही का?" ती म्हणाली. "मूठ बठ्ठासना नावनी लेनी पडस." बठ्ठा म्हणजे सगळे, एकही सुटत नाही. तिनं ब्रह्मदेशातल्या पोराच्या नावानं पुन्हा एक मूठ टाकली, बहुधा त्याला जरा जास्त लागेल म्हणून.

कानबाई थाटात बसली, बायकांनी गाणी म्हटली, सकाळी वाजतगाजत नदीवर गेली. घरी राहिला रोट. टोपलीत रचलेल्या जाडजूड पोळ्या, गुळाची खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. आणि खायला आई, माझी बायको, मी. आईला दात नव्हते. ती खिरीत बुडवून तुकडा खाई आणि देवीला हात जोडी. बायकोनं, इंदिरानं, प्रामाणिकपणे खाल्लं, पण तिसऱ्या दिवशी तिला मळमळू लागलं आणि आईनंच तिला रजा दिली. आम्हाला मूलबाळ नाही. राहिलो मी.

मी आईला म्हणालो की थोडा थोडा खातो, सोमवार जाऊ दे. आई म्हणाली, "पौर्णिमा शुक्रवारनी शे. रोट काय औषध शे का, चमचा चमचा लेवाले?" मी शेजारी रतिलालशेठकडे पाहिलं, पण ते परके. गायीकडे पाहिलं, तीही परकी. मग मी बसलो. धाकट्या भावाच्या वाटचं खाल्लं, रुपचंदच्या वाटचं खाल्लं. चुलत्यांचं पथ्य मोडून त्यांच्या वाटचं खाल्लं. ब्रह्मदेशातल्या पोराच्या वाटचं खाताना मात्र मी खरोखर देवीला म्हटलं की बाई, याला तिकडे काही मिळत असू दे. शालिग्राम आणि त्याच्या पाच पोरांचा वाटा सर्वांत शेवटी राहिला. तो खाताना प्रत्येक घासाला मला तो पानाच्या दुकानावर उभा दिसत होता. त्याची बदनामीही मी सोसायची आणि त्याचा रोटही मीच संपवायचा, याचा मला इतका संताप आला की त्या संतापात चार पोळ्या गेल्या. शुक्रवारी चंद्र उगवायच्या आत टोपली रिकामी झाली. मी भिंतीला टेकून बसलो आणि आईनं माझी दृष्ट काढली.

सोमवारी पारड्यात बसलो तेव्हा उखर्डूनं सूर लावला नाही. तो नुसती वजनं टाकत गेला. साडेचार शेर वाढ.

"कारण?" साहेब म्हणाले.

मी कानबाईपासून सुरुवात केली. सगळं सांगितलं, मुठी, पौर्णिमा, भाऊबंदकी. साहेब ऐकत होते. त्यांच्या मुलखात कानबाई नाही.

"म्हणजे," ते म्हणाले, "तुमचं म्हणणं असं की तुम्ही पंधरा-सोळा गैरहजर माणसांच्या वतीनं जेवलात."

"होय साहेब."

"इतक्या वर्षांच्या नोकरीत मी हे कारण ऐकलं नाही. या गैरहजर माणसांपैकी एकाला आणा. आपण जेवलो नाही असं त्यानं माझ्यासमोर सांगावं. कचेरी बंद व्हायच्या आत."

पुणं दूर, भुसावळ दूर, चुलते अंथरुणाला खिळलेले, ब्रह्मदेशाचं तर विचारूच नका. जवळ एकच होता. मी घराकडे निघालो. दोन वर्षं ज्या उंबऱ्याकडे मी तिरक्या नजरेनं पाहत होतो, त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. शालिग्रामची बायको मंदाबाई दारात आली, मला पाहून पदर सावरत आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. मागून शालिग्राम आला. मी काय बोलायचं ते वाटेत जुळवत आलो होतो, त्यातलं एक वाक्य आठवेना. मी एवढंच म्हणालो, "तू रोट खायला आला नाहीस, हे साहेबांना सांगायचंय. नाहीतर माझी नोकरी चोर म्हणून जाईल."

तो आत जाऊन टोपी घालून आला आणि चालू लागला. सबंध रस्ताभर तो रस्त्याच्या त्या कडेनं आणि मी या कडेनं. लोक थांबून पाहत होते.

साहेबांपुढे तो हात जोडून उभा राहिला. "साहेब, हाऊ मना भाऊ शे," तो म्हणाला. "दोन सालपाईन आम्ही बोलत नहीत. मी रोट खावाले गऊ नही. मना वाटाना बी त्यानीच खाधा." मग जरा थांबून, खाली पाहत म्हणाला, "बाजारमा मी वाईट बोलनू ते खोटं शे. चोरीनं अन्न त्याना पोटमा जावाव नही."

मला वाटलं, इथंच मिटलं. साहेबांना तसं वाटलं नाही. त्यांना हिशेब हवा होता. "एक जण जेवला, एक जण जेवला नाही," ते म्हणाले. "एकाच घराण्याची हाडं, ती जड असल्याचं पाटील सांगतातच. उखर्डू, दोघांना समोरासमोर बसव. फरक दिसेल."

मी एका पारड्यात बसलो, शालिग्राम दुसऱ्यात. उखर्डूनं हात सोडला आणि माझं पारडं खाली आपटलं. शालिग्राम साखळ्या धरून वर गेला, तुळईजवळ पोचला. साहेबांनी दोनदा मान हलवली, "कारण मान्य," म्हणाले आणि शेरा लिहायला आपल्या खोलीत गेले. उखर्डूला त्यांनी दौत घेऊन बोलावलं, म्हणून तोही गेला.

गोदामात आम्ही दोघंच राहिलो. मी सुटलो होतो. आता उठावं म्हणून मी जरा हललो, तशी वरच्या साखळ्या खडखडल्या. मी उठलो असतो तर तो तेवढ्या उंचीवरून फरशीवर आला असता.

"उठजो नको," वरून तो म्हणाला.

दोन वर्षांनी तो माझ्याशी बोलला तो हा शब्द. "उठाव नही," मी म्हटलं.

मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी आखाड्यात तो मला उचलून टाकायचा आणि वर हसायचा. तेव्हा आम्ही दोघं सारख्याच अंगाचे, तोच जरा भारी. आता त्याचा सदरा खांद्यावर नुसता अडकवल्यासारखा दिसत होता, आणि गळ्याच्या हाडांत खळगे पडले होते. हा माणूस रोज माझ्या दारासमोर वावरत होता. मी धुळ्यातल्या घराघराची कार्डं तपासत होतो आणि रोज सकाळ-संध्याकाळ काट्यावर चढून फक्त स्वतःला पाहत होतो. मला फार वाईट वाटलं, आणि लाज वाटली.

"शालिग्राम," मी म्हटलं, "कितला वाळना रे तू?"

तो तुळईकडे पाहत राहिला. "लेव्हीमा गया बठ्ठा," तो म्हणाला. "कार्डवर भेटस ते पोऱ्यासले पुरस. माले काय, चालस."

"माले सांगं नही?"

"तू बोलत व्हता का?"

 बाहेर कोणीतरी हमाल पोती ओढत होता, त्याचा आवाज येत राहिला. शालिग्राम खाली वाकला, साखळी घट्ट धरून, आणि हळू आवाजात विचारलं, "रोट काही उरना शे का रे?"

मी त्याच्याकडे वर पाहत राहिलो. "नही," मी म्हटलं. "बठ्ठा खाधा मी."

त्यानं वरून माझ्या पोटाकडे पाहिलं. मग त्याला हसू फुटलं, ते आवरेना. त्याचं पारडं हेलकावे घेऊ लागलं, आणि तो पडू नये म्हणून मी दोन्ही हातांनी फळी धरून, जमेल तितका जड होऊन बसून राहिलो.